ज्याला कुणी जाब विचारत नाही, त्याच्या हाती विद्यापीठ

मे २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या यंगस्टाउन स्टेट युनिव्हर्सिटीने आपला नवा अध्यक्ष निवडला. आपल्याकडे कुलगुरू जे काम बघतात, तेच तिकडे विद्यापीठाचा अध्यक्ष बघतो. निवड झाली ती जिम ट्रेसल यांची. ट्रेसल यांची उभी हयात फुटबॉलचा संघ तयार करण्यात गेली होती. शिक्षणशास्त्रातली मास्टर्स पदवी होती, पण पीएचडी नव्हती, संशोधन नव्हतं, प्राध्यापकीतून एकेक पायरी चढत आलेले नव्हते. साहजिकच वाद झाला: डॉक्टरेट नसलेला, मैदानावर शिट्टी वाजवणारा माणूस विद्वानांच्या संस्थेचा प्रमुख कसा?

हा वाद चुकीच्या जागी घातला गेला असं माझं ठाम मत आहे. कारण त्या नेमणुकीत पदवीपेक्षा कितीतरी गंभीर गोष्ट होती आणि ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने डिसेंबर २०११ मध्ये ट्रेसल यांच्यावर पाच वर्षांचा निर्बंध घातला होता. त्या मुदतीत ज्या कॉलेजाला त्यांना खेळाशी संबंधित काम द्यायचं असेल, त्याने आधी एनसीएएपुढे येऊन कारण द्यायचं, नाहीतर स्वतःवर कारवाई ओढवून घ्यायची. ही मुदत डिसेंबर २०१६ पर्यंत होती. म्हणजे यंगस्टाउनला त्यांना फुटबॉलचा प्रशिक्षक नेमायचं असतं, तर हजार खुलासे करावे लागले असते. अख्खं विद्यापीठ, त्याच्या क्रीडा विभागासकट, त्यांच्या हवाली करायला मात्र काहीच आडकाठी नव्हती.

ज्या माणसावर एका संघाच्या बाबतीत भरवसा ठेवू नये असं ठरलं होतं, त्याच्यावर बारा-तेरा हजार विद्यार्थ्यांच्या बाबतीत भरवसा ठेवला गेला. हे कसं घडलं, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यामागे दुष्टावा नव्हता. प्रेम होतं.

यंगस्टाउन हे पोलादाचं गाव. १९३०च्या सुमारास लोकवस्ती एक लाख सत्तर हजार. १९ सप्टेंबर १९७७ रोजी, सोमवारी, यंगस्टाउन शीट अँड ट्यूब कंपनीने आपला कॅम्पबेल वर्क्स हा प्रचंड कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि सुमारे पाच हजार कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. त्या भागात आजही त्या दिवसाला ‘ब्लॅक मंडे’ म्हणतात. मग एकामागून एक भट्ट्या विझत गेल्या आणि २०२० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या जेमतेम साठ हजार उरली. गिरणी संपानंतरचं गिरणगाव ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना त्या गावाची अवस्था वेगळी समजावून सांगायला नको. अशा गावात १९८६ साली चौतिशीही न गाठलेले ट्रेसल प्रशिक्षक म्हणून आले. तिथे त्यांनी पंधरा हंगाम काढले, त्यांचा संघ सहा वेळा राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचला आणि १९९१, १९९३, १९९४ आणि १९९७ अशी चार अजिंक्यपदं घेऊन आला. सगळं हातातून निसटत असताना या एका माणसाने गावाला जिंकायला लावलं. तो माणूस परत येतो म्हणाला, तर गाव दार उघडणारच.

मधल्या काळात ते ओहायो स्टेटला गेले होते. कोलंबसचं हे विद्यापीठ म्हणजे कॉलेज फुटबॉलची पंढरी. एक लाखाहून जास्त माणसं बसतील एवढं स्टेडियम विद्यापीठाच्या आवारात आहे आणि ते भरतं. हा खेळ आपल्या ओळखीच्या फुटबॉलसारखा नाही, रग्बीच्या जवळचा आहे. पण खेळापेक्षा त्याभोवतीची व्यवस्था समजून घ्यायला हवी. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सर्वात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा राज्यपाल नसतो, सरन्यायाधीश नसतो. तो सार्वजनिक विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. ट्रेसल यांचं शेवटचं वार्षिक मानधन पस्तीस लाख डॉलरच्या आसपास होतं. जानेवारी २००१ मध्ये नेमणूक झाली त्याच दिवशी त्यांनी प्रेक्षकांना सांगितलं होतं की आमच्या पोरांचा तुम्हाला अभिमान वाटेल, वर्गात, समाजात, आणि विशेष करून ३१० दिवसांनी अॅन आर्बरच्या मैदानावर. अॅन आर्बर म्हणजे हाडवैरी मिशिगन. तो सामना त्यांनी जिंकला. पुढच्याच हंगामात, ३ जानेवारी २००३ च्या रात्री, मायामीला दुहेरी जादा वेळेत ३१-२४ असं हरवून राष्ट्रीय अजिंक्यपदही आणलं. शांत बोलणं, कधी आवाज न चढवणं, शर्टावर बिनबाह्यांचा स्वेटर. लोक त्यांना ‘सेनेटर’ म्हणायचे.

आता त्या प्रकरणाकडे येतो. ते बारकाईने बघायला हवं, कारण माझं सगळं म्हणणं त्यातल्या तपशिलावर उभं आहे.

ओहायो स्टेटचा संघ मिशिगनला हरवतो तेव्हा प्रत्येक खेळाडूला सोन्याच्या चड्डीच्या आकाराचं एक छोटं लॉकेट मिळतं. १९३०च्या दशकापासूनची ही प्रथा. काही खेळाडूंनी ही लॉकेटं, अजिंक्यपदाच्या अंगठ्या आणि इतर वस्तू कोलंबसमधल्या एका टॅटू पार्लरच्या मालकाला विकल्या. बदल्यात रोख रक्कम आणि फुकट किंवा सवलतीत टॅटू घेतले. त्या वेळच्या नियमांनुसार कॉलेज खेळाडूला आपल्या खेळाडूपणाच्या जोरावर एक डॉलरही कमावायची मुभा नव्हती. या मालकावर अमली पदार्थांच्या व्यवहारावरून केंद्रीय यंत्रणांची चौकशी सुरू होती. एप्रिल २०१० मध्ये कोलंबसच्या एका वकिलाने, जो स्वतः कधीकाळी याच संघातून खेळला होता, ट्रेसल यांना ईमेल करून हे सगळं कळवलं. एकदा नव्हे, अनेकदा. ट्रेसल यांनी उत्तरं दिली. लवकरात लवकर लक्ष घालतो, असंही कळवलं.

विद्यापीठाच्या नियमपालन विभागाला मात्र त्यांनी काहीच सांगितलं नाही. कायदा विभागाला नाही, क्रीडा संचालकांना नाही. सप्टेंबर २०१० मध्ये दरवर्षीचा छापील फॉर्म समोर आला: नियमभंगाची जी काही माहिती माझ्याकडे होती ती मी विद्यापीठाला दिलेली आहे. त्यावर त्यांनी सही केली. हंगाम सुरू झाला, संघ जिंकत राहिला. डिसेंबरमध्ये न्याय खात्याकडून विद्यापीठाला खेळाडूंबद्दल कळलं आणि पाच जणांना पुढच्या हंगामातले पाच सामने बंदी झाली. तेव्हाही ट्रेसल गप्पच. जानेवारी २०११ मध्ये दुसऱ्याच एका कायदेशीर कामासाठी ईमेल चाळताना विद्यापीठाच्या लोकांना ती पत्रं सापडली. ८ मार्चच्या पत्रकार परिषदेत ट्रेसल म्हणाले की वकिलाने गोपनीयता पाळायला सांगितली होती, शिवाय पोरांच्या जिवाची काळजी वाटत होती, नेमकं कुणाला सांगावं कळत नव्हतं. पुढे बाहेर आलं की त्यांनी हे एकाला सांगितलं होतं. संघाच्या मुख्य खेळाडूच्या गावातल्या, त्याच्या पाठीराख्या व्यावसायिकाला त्यांनी ईमेल पुढे पाठवला होता. म्हणजे खबर विद्यापीठाच्या बाहेर पोचली, आत पोचली नाही.

त्याच पत्रकार परिषदेत विद्यापीठाचे अध्यक्ष गॉर्डन गी शेजारी बसले होते. प्रशिक्षकाला काढून टाकायचा विचार झाला का, असं पत्रकाराने विचारलं. गी हसून म्हणाले, छे, छे, कोचनेच मला काढून टाकू नये एवढीच माझी इच्छा आहे.

त्यांनी नंतर या वाक्याबद्दल खेद व्यक्त केला, पण त्यांच्या तोंडून खरं तेच बाहेर पडलं होतं. अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या विद्यापीठांपैकी एकाचा प्रमुख चारचौघांत सांगत होता की कागदावर मी वरिष्ठ असलो, तरी प्रत्यक्षात सत्ता याच्याकडे आहे. पेन स्टेटमध्येही हेच झालं होतं. २००४ साली विद्यापीठाचे अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर आणि क्रीडा संचालक वयोवृद्ध प्रशिक्षक जो पटर्नो यांच्या घरी गेले आणि आता निवृत्त व्हा म्हणाले. पटर्नो नाही म्हणाले. विषय तिथेच संपला. सात वर्षांनी तिथल्या एका माजी सहायक प्रशिक्षकाने मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांचं प्रकरण उघडं पडलं आणि त्यात पटर्नो आणि स्पॅनियर दोघांचीही पदं गेली. ट्रेसल यांच्या चुकीची आणि या प्रकरणाची बरोबरी मी करत नाही, तसं करणं अन्यायाचं होईल. पण ‘याला कुणी काही विचारायचं नाही’ ही हवा दोन्हीकडे एकच होती.

ट्रेसल यांनी ३० मे २०११ रोजी राजीनामा दिला. २०१०च्या हंगामातले सगळे विजय नोंदवहीतून पुसले गेले आणि संघाला २०१२ साली हंगामोत्तर सामने खेळायला बंदी झाली. आता त्या वर्षीचा २४ नोव्हेंबरचा दिवस बघा. मिशिगनविरुद्ध घरच्या मैदानावर सामना. नवीन प्रशिक्षक, बरीचशी नवी पोरं. त्यांनी तो सामना २६-२१ असा जिंकला आणि हंगाम बारापैकी बारा विजयांनी संपवला. एकही सामना हरले नाहीत, पण अजिंक्यपदासाठी खेळता येणार नव्हतं. हंगाम त्या दिवशी तिथेच संपला. त्याच सामन्यात २००२च्या विजेत्या संघाचा सत्कार झाला आणि जुन्या खेळाडूंनी ट्रेसल यांना खांद्यावर उचलून घेतलं. लाखभर लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ज्यांच्या गप्प बसण्याची किंमत मैदानावरची मुलं मोजत होती, ते त्याच मैदानावर खांद्यावर मिरवले जात होते. त्या लाखभर लोकांत कुणाला हे खटकलं असेल तर त्याने काय करावं? टाळी वाजवायची नाही, एवढंच त्याच्या हातात होतं.

ट्रेसल यांच्या बाजूने तीन गोष्टी बोलल्या जातात. त्या पोकळ नाहीत, म्हणून नीट उत्तर दिलं पाहिजे.

पहिली अशी की तो नियमच अन्यायाचा होता. खरं आहे. स्टेडियम भरून पैसा मिळवणाऱ्या पोरांनी स्वतःची अंगठी विकली तर गुन्हा आणि प्रशिक्षकाला पस्तीस लाख डॉलर, यात न्याय कुठेच नव्हता. १ जुलै २०२१ पासून एनसीएएने खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रसिद्धीवर कमाई करायची मुभा दिली. तेव्हा त्या पाच पोरांबद्दल मला सहानुभूती आहे, पूर्णपणे. पण ट्रेसल यांनी नियमाविरुद्ध आवाज उठवला नव्हता. हा नियम चुकीचा आहे, माझ्या पोरांना शिक्षा करू नका, मला करा, असं ते एप्रिल २०१० मध्ये म्हणाले असते, तर आज मी त्यांच्या बाजूने लिहीत असतो. त्यांच्या शब्दाला ओहायोत वजन होतं आणि कदाचित नियम दहा वर्षं आधी बदलला असता. त्यांनी खोट्या मजकुरावर सही केली आणि मुख्य खेळाडूंना मैदानावर ठेवलं.

दुसरी गोष्ट दुसऱ्या संधीची. माणूस चुकतो, शिक्षा भोगतो, त्याला परत उभं राहू द्यावं. मलाही हे पटतं. आणि ट्रेसल यांना ती संधी मिळालीच होती. २०१२ मध्ये त्यांना अॅक्रन विद्यापीठाने उपाध्यक्ष केलं, विद्यार्थ्यांचं शिक्षण मध्येच सुटू नये यासाठीचं काम दिलं, आणि त्यांनी ते मन लावून केलं असं तिथले लोक सांगतात. तिथेच त्यांनी दहा वर्षं काढली असती तर कुणाची तक्रार नव्हती. पण दुसरी संधी म्हणजे थेट सर्वोच्च खुर्ची, तीही शिक्षेची मुदत चालू असताना, असा अर्थ होत नाही. परीक्षा विभागातल्या एखाद्या कारकुनाने खोट्या प्रमाणपत्रावर सही केली असती तर त्याला तीन वर्षांत परीक्षा नियंत्रक केलं असतं का?

तिसरी गोष्ट सर्वात वजनदार: त्यांनी काम चांगलं केलं. हेही बऱ्याच अंशी मान्य करायला हवं. ओहायो स्टेटच्या मानधनाच्या एक दशांशाहून कमी, तीन लाख डॉलर पगारावर ते आले. त्यांच्या आधीचे अध्यक्ष वर्षही पुरं न करता दुसऱ्या नोकरीला निघून गेले होते. ट्रेसल जवळजवळ नऊ वर्षं राहिले, फेब्रुवारी २०२३ पर्यंत. विद्यापीठाभोवतीच्या ओसाड जागांवर खासगी गुंतवणुकीतून विद्यार्थ्यांसाठी घरं उभी राहिली. हुशार विद्यार्थ्यांसाठीचं ऑनर्स कॉलेज वाढलं. दहा कोटी डॉलरचं निधी संकलनाचं उद्दिष्ट ठेवलं आणि ओलांडलं. देणगीदाराच्या घरी जाऊन बसणं, त्याला नावाने हाक मारणं, त्याच्या नातवाची चौकशी करणं ही प्रशिक्षकाची रोजची कामं असतात. नवे खेळाडू मिळवायचे तर हेच करावं लागतं. ही कला अनेक विद्वान अध्यक्षांकडे नसते. ट्रेसल यांच्याकडे ती भरपूर होती.

म्हणूनच पदवीच्या वादाला मी किंमत देत नाही. प्रशिक्षकाने विद्यापीठ उत्तम चालवल्याची उदाहरणं इतिहासात आहेत. जॉन टायगर्ट यांनी केंटकी विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला शिकवलं होतं. तेच पुढे अमेरिकेचे शिक्षण आयुक्त झाले आणि १९२८ ते १९४७ एवढा दीर्घ काळ फ्लॉरिडा विद्यापीठाचे अध्यक्ष राहिले. ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजचे अध्यक्ष राल्फ जोन्स चार दशकं संस्था सांभाळता सांभाळता स्वतः बेसबॉलचा संघही घडवत होते. खेळ आणि विद्या एका माणसात नांदू शकत नाहीत असं मराठी माणसाने तर म्हणूच नये. ज्यांच्या नावाने देवधर करंडक सुरू झाला ते दि. ब. देवधर पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवत होते.

मग ट्रेसल यांच्या कारकिर्दीत मला काय खुपतं? तिथेही तेच खुपतं जे ओहायो स्टेटमध्ये खुपत होतं: वरच्या माणसाला अडवणारी यंत्रणा दुबळी पडत गेली.

२०१७ सालचं एक प्रकरण घ्या. ओहायोतल्याच स्ट्यूबेनव्हिल गावात २०१२ साली एका अल्पवयीन मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात बाल न्यायालयाने दोषी ठरवलेला एक मुलगा, शिक्षा भोगून, यंगस्टाउनच्या फुटबॉल संघात आला. त्याला शिकायला मिळावं, याबद्दल माझं दुमत नाही. पण विद्यापीठाचा गणवेश घालून हजारो लोकांसमोर उतरणं हा हक्क नसतो, तो मान असतो, आणि तो कुणाला द्यायचा याचा विचार आधी व्हायला हवा होता. विद्यापीठातल्याच एका विद्यार्थिनीने आवाज उठवला, निवेदनावर हजारो सह्या झाल्या, तेव्हा कुठे विद्यापीठाने सांगितलं की तो सराव करेल पण या हंगामात खेळणार नाही. मग तो कोर्टात गेला, कोर्टाने त्याच्या बाजूने तात्पुरता आदेश दिला, आणि तो खेळला. म्हणजे विद्यापीठाने पीडित मुलींचा विश्वासही गमावला आणि त्या मुलालाही न्याय्य वागणूक दिली नाही. आधी संघ, नंतर प्रश्न, हा क्रम इथेही तसाच राहिला.

ऑक्टोबर २०२० मध्ये, करोनाच्या ऐन भरात, यंगस्टाउनचे प्राध्यापक करारावरून संपावर गेले. संप थोडक्यात मिटला. त्यानंतर विद्यार्थीसंख्या घटते आहे या कारणाने काही अभ्यासक्रम बंद करायची आणि प्राध्यापक कमी करायची प्रक्रिया सुरू झाली. विद्यार्थी घटत होते हे खोटं नव्हतं. त्या सगळ्या पट्ट्यातच तरुण कमी होत आहेत. पण खेळावरचा खर्च आणि शिकवण्यावरचा खर्च यांची तुलना करा, असं प्राध्यापक म्हणत होते तेव्हा त्यांना कुणाशी भांडायचं होतं ते लक्षात घ्या. चार अजिंक्यपदं आणून दिलेल्या माणसाशी. गावात ज्याच्याविरुद्ध कुणी ब्र काढत नाही त्याच्याशी. अशा माणसासमोर तत्त्वज्ञान विभागातला एखादा साधा प्राध्यापक उभा राहिला तर गाव कुणाचं ऐकेल? लोकप्रियतेने निधी येतो, तिच्यामुळेच विरोधी आवाजही विरून जातो. नेमणूक करताना विश्वस्तांनी पहिली बाजू मोजली, दुसरी मोजलीच नाही.

यंगस्टाउनला याची चुणूक आधीही मिळाली होती, ही गोष्ट मला सर्वात जास्त अस्वस्थ करते. ट्रेसल यांच्या पहिल्या अजिंक्यपदाच्या काळात संघाच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे मैदानावर डाव चालवणाऱ्या खेळाडूला, विद्यापीठाच्याच विश्वस्त मंडळाच्या एका माजी अध्यक्षाकडून रोख रक्कम आणि वापरायला गाड्या मिळत होत्या. विद्यापीठाने आपली चौकशी केली तेव्हा काही सापडलं नाही. पुढे कोर्टातल्या एका वेगळ्याच खटल्यात ते उघड झालं, विद्यापीठाला चूक मान्य करावी लागली आणि काही शिष्यवृत्त्या गेल्या. ट्रेसल यांनी आपल्याला माहीत नव्हतं असं सांगितलं. ते खोटं होतं असं सिद्ध झालेलं नाही. पण ज्या संस्थेने एकदा अशी ठेच खाल्ली, तिने त्याच माणसाला दुसऱ्या, सिद्ध झालेल्या प्रकरणानंतर बोलावताना किमान दहा प्रश्न जास्त विचारायला हवे होते.

प्रशिक्षकाची संघावरची माया हा गुण आहे, मी तो कमी लेखत नाही. आपल्या पोरांना बाहेरच्यांपासून जपणं, घरातलं घरात मिटवणं, वेळ आली की अंगावर घेणं, यातूनच संघ उभा राहतो. पण विद्यापीठाच्या प्रमुखाला रोज याच्या नेमकं उलट करावं लागतं. आपल्या आवडत्या प्राध्यापकाविरुद्ध विद्यार्थिनीची तक्रार आली तर ती समितीकडे पाठवायची. निकालात घोळ झाला तर तो न दडवता जाहीर करायचा. मोठ्या देणगीदाराच्या मुलाने कॉपी केली तर त्याला इतरांसारखीच शिक्षा द्यायची. संशोधनात आकडे खोटे निघाले तर आपल्याच संस्थेचं नाव खराब होईल हे माहीत असून ते छापून आणायचं. आपलीच माणसं अडचणीत येणार हे दिसत असताना कागद पुढे पाठवायची सवय असल्याशिवाय हे जमत नाही. एप्रिल २०१० मध्ये ट्रेसल यांच्यासमोर अगदी असाच कागद आला होता.

आपल्याकडे हा विषय यायचं कारण आहे. जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नव्या नियमांचा मसुदा काढला. २०१८च्या नियमांप्रमाणे कुलगुरू व्हायला प्राध्यापकपदाचा किंवा तत्सम शैक्षणिक-संशोधन संस्थेतला दहा वर्षांचा अनुभव लागतो; मसुद्यात उद्योग, सार्वजनिक प्रशासन, धोरण क्षेत्र आणि सार्वजनिक उपक्रमांतल्या वरिष्ठांनाही दार उघडं ठेवायचा प्रस्ताव आला. त्यावर महाराष्ट्रातही बरीच चर्चा झाली आणि ती बहुतेक सगळी एकाच मुद्द्याभोवती फिरली: प्राध्यापक नसलेला माणूस चालेल का? दिल्लीच्या क्रीडा विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू म्हणून २०२१ साली ऑलिम्पिक पदकविजेत्या कर्णम मल्लेश्वरींना नेमलं तेव्हाही हीच चर्चा झाली होती. दुसरीकडे, ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यपालांनी मुंबई विद्यापीठाच्या ज्या कुलगुरूंना पदावरून दूर केलं ते नामांकित प्राध्यापक होते, आणि लाखो विद्यार्थ्यांचे निकाल महिनोन्महिने लटकले होते. पदवीने त्या विद्यार्थ्यांना काही वाचवलं नाही.

उद्योगपती येऊ देत, सनदी अधिकारी येऊ देत, खेळाडू येऊ देत. मला हरकत नाही. माझी हरकत आहे ती निवडीच्या पद्धतीला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम २०१६ नुसार शोध समिती किमान पाच नावं कुलपतींकडे पाठवते. ती नावं वर्तमानपत्रांत येतात, कोण कुणाच्या जवळचा याची कुजबुज होते, आणि मुलाखतीत बहुधा ‘व्हिजन’वर सादरीकरण होतं. समितीने उमेदवाराची पंचवीस वर्षांची कागदपत्रं काढून एवढंच पाहावं: तुमच्याच विभागाविरुद्धची माहिती तुमच्याकडे आली तेव्हा ती तुम्ही किती दिवसांत, कुणाला, लेखी कळवलीत? तुमच्यावर कधी चौकशी बसली होती का, आणि तिचा अहवाल कुठे आहे? तुमच्या हाताखालच्या कुणी तुम्हाला उघड विरोध केला होता का, आणि तो माणूस आज कुठे आहे? पाचही उमेदवारांची ही उत्तरं नावांबरोबरच प्रसिद्ध करावीत. अध्यापक संघटना, विद्यार्थी आणि कर्मचारी यांना ती वाचून लेखी आक्षेप घ्यायला पंधरा दिवस द्यावेत आणि त्या आक्षेपांना समितीने लेखी उत्तर द्यावं.

यंगस्टाउनमध्ये ट्रेसल गेल्यावर विश्वस्तांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये पुढचा अध्यक्ष म्हणून थेट एका विद्यमान खासदाराला, बिल जॉन्सन यांना, निवडलं. निवड बंद दाराआड झाली, म्हणून विद्यार्थी, प्राध्यापक आणि माजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले, काही देणगीदारांनी हात आखडता घेतला. निर्णय बदलला नाही. जॉन्सन जानेवारी २०२४ मध्ये पदावर आले. ट्रेसल फेब्रुवारी २०२५ मध्ये ओहायोचे उपराज्यपाल झाले. महाराष्ट्रात पुढच्या काही वर्षांत अनेक विद्यापीठांना नवे कुलगुरू निवडायचे आहेत, आणि शोध समित्यांच्या कामकाजाचा कागद जाहीर करायला आजही कुणी बांधील नाही.